मिक्सर

दोन वर्षं मी सूर्यालाच दोष देत होतो.

अमळनेरात, ढेकू रोडला,
जिथं मे महिन्यात थंड नळाखालीसुद्धा
हात धरवत नाही,
तिथल्या गच्चीत उभं राहून
मी म्हणत होतो, ऊन कमी पडतंय.

नाशिकहून कंपनीचा माणूस आला,
नळ्या पुसून गेला. अठराशे रुपये.
शेजारचे आबा म्हणाले, बोअरचं पाणी, क्षार धरला असेल.
तोही काढून झाला.
आणि तरी पौषात, सकाळी सहाला,
स्वयंपाकघरातला गरम नळ
आधी कोमट, मग थंड, मग
कळण्याच्या पिठात बोटं आखडतील असा थंड.
वर मात्र सोलरच्या हवेच्या नळीतून
थेंब थेंब गळती, रात्रंदिवस.
खाली शेवाळाची हिरवी चकती
आणि तिच्यावर चिमण्या.

रविवारी भिला मिस्तरी आला.
काही उघडलं नाही त्यानं.
भरताचं वांगं निवडावं तसा
एकेका पाइपावरून हात फिरवला,
गरमच्या पाइपावर थांबला.
'सर, हाऊ ते थंडा शे.'

मग न्हाणीत उकिडवा बसून मला विचारतो,
'तुम्ही हाऊ शॉवर बंद कसा करतस?'
मी दाखवलं. हातातल्या शॉवरचं बटण
अंगठ्यानं, टक्.
'आनि मिक्सर?'
मिक्सर उघडाच.
दोन वर्षं, रोज, उघडाच.

'थंडाले पंपना जोर. गरमले निस्ती टाकीनी उंची.
तोंड तुम्ही बंद करी टाकं,
मंग पानी कथं जाई?
गरमनी लाईनमा घुसी ऱ्हायनं.'

म्हणजे माझंच पाणी, माझ्याच विजेवर,
मिक्सरच्या पोटातून पलीकडे शिरून
उलटं गच्चीवर चढत होतं,
तापलेल्या टाकीला ढकलत होतं
आणि नळीतून सांडून
चिमण्यांना पाजत होतं.
मी एकतीस वर्षं नववीला विज्ञान शिकवलं.
जास्त दाबाकडून कमी दाबाकडे,
हे वाक्य मी मुलांकडून
दहा दहा वेळा लिहून घेतलंय.

दारात कुमुद उभी होती, हाताला पीठ.
म्हणाली, 'मागच्या संक्रांतीला सांगितलं होतं,
बटणानं बंद करू नका, चावी फिरवा.
तुमची आंघोळ झाली की माझा नळ थंड पडतो.'

सांगितलं होतं. आठवलं मला.
मी पेपरातून मान वर न करता
म्हणालो होतो, त्याचा याच्याशी काय संबंध,
जरा मोठ्यानंच म्हणालो होतो,
आणि तिचं वाक्य
आलं त्या वाटेनं परत गेलं होतं.

भिला पिशवीत पाना शोधू लागला.
बराच वेळ शोधला, सापडला तरी.

गरमच्या वाटेवर त्यानं पितळी झडप बसवली,
आत बोराएवढी टिकली,
एकीकडून उघडते, दुसरीकडून नाही.
थंडाचा कॉक अर्धा आवळला.
'दुबळाले धक्का दीसन चालत नही, सर,
जोरवालालेच आवरनं पडस.
खरं काम म्हंजे दोन्हीस्ले एकच टाकी.
ते दिवायीले करूत.'
साडेसहाशे झाले. चहा घेतला, शेव नको म्हणाला.

सोमवारी सकाळी
कुमुदच्या चष्म्यावर वाफ आली.
ती काही बोलली नाही, पदरानं काच पुसली,
पुन्हा नळाखाली हात धरला,
गरज नसताना.
मी न्हाणीत. अंगठा सवयीनं
बटणाकडे गेलेला.
चावी फिरवली.

चार दिवसांत गच्चीतलं शेवाळ वाळून
पापडासारखं उचकटलं.
चिमण्या येत, नळीखाली बसत,
वर बघत.

'त्यांना एक वाडगं ठेवा,' कुमुद आतून म्हणाली,
हळूच, भांडी लावता लावता.
मी पेपर घडी न करता खाली टाकला
आणि जिना चढलो.